परकी भाषा मुलांच्या तोंडी बसवायची तर एक मांजर पुरे

सुट्टीत पडवीत मुलांना जर्मन शिकवताना एक अडचण नेहमी येते: पाठ केलेले शब्द चार दिवसांत विसरतात. त्यावर गोष्टीची ही युक्ती मला फार आवडते.

१. फक्त तीन शब्द घ्या. उदा. विल (हवंय), गेट (जाते), काइन (एकही नाही). अर्थ मराठीत लगेच सांगून टाका, ओळखायला लावू नका.

२. मांजराला मासा हवाय, इतकीच गोष्ट. 'डी काट्से विल आइनन फिश.' ती मालवणला जाते: 'डी काट्से गेट नाख मालवण.' तिथे 'काइन फिश!' मग वेंगुर्ल्याला, तिथेही नाही. शेवटी हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात मासा मिळतो. गाव बदलतं, वाक्य तेच राहतं, म्हणून कंटाळा येत नाही.

३. खरी गंमत प्रश्नांत आहे. प्रत्येक वाक्यावर तीन-चार विचारा. आधी हो-नाहीचा: 'विल डी काट्से आइनन फिश?' मग निवडीचा: 'फिश ओडर मांगो?' (ओडर म्हणजे किंवा; मांगो म्हणजे आंबाच, मुलं हसतात.) मग 'वेअर?', म्हणजे कोण. 'या' (हो), 'नाइन' (नाही) किंवा एका शब्दाचं उत्तरही चालतं. मांजराचं नाव आणि पुढचं गाव मुलांनाच ठरवू द्या.

४. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, पण मांजराऐवजी घरातलं कुणीतरी. आजीला घेतलं की सगळे कान टवकारतात.

एक मात्र सांभाळा: मूल चुकलं तर अडवू नका. तुम्हीच बरोबर वाक्य सहज म्हणा आणि गोष्ट पुढे न्या.