जंगलाच्या कडेला घर, घरात किडे: या चुका टाळा

नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीकडे ३,००० च्या वर. अंतर जेमतेम तासाभराचं, पण किड्यांच्या हिशेबात दुसरा देशच. घोटीच्या आत, कारवीच्या रानाला लागून आम्ही राहायला आलो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. नावाला ते पानगळीचं जंगल, पण आषाढ-श्रावणात ते पानगळीचं आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मुलगा सकाळी उठला तो मानेवर लाल रेघ घेऊन. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पिवळट फोड. सासूबाई म्हणाल्या, "नागीण आहे, तोंड-शेपूट जुळू देऊ नका." मग कोपराच्या वळणातही डाग दिसला. वर एक, खाली एक, हात दुमडला की एकमेकांवर तंतोतंत बसणारे. तेवढ्यात दूध घेऊन आलेल्या मावशींनी मुलाकडे पाहिलंच नाही, दारावरच्या ट्यूबकडे पाहिलं. "ताई, हा दिवा काढा आधी. किडा दिव्यावर येतो, तुमच्यावर नाही."

चूक पहिली: दारावर पांढरा दिवा, अंगावर चापट

तो किडा म्हणजे ज्याला हल्ली सगळे 'ॲसिड फ्लाय' म्हणतात तो. माशी नव्हेच, बारीक लांबट भुंगा आहे, सेंटिमीटरभरही नसेल. नारिंगी अंग, काळं डोकं, काळं शेपटाचं टोक, घाईघाईत चालणारा. तो चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं विष असतं आणि ते आपणच चिरडून स्वतःला फासतो. मान झटकली, चापट मारली, हात पुसला, झालं. आग लगेच होत नाही, अर्ध्या-एक दिवसाने होते, म्हणून कारण लक्षातच येत नाही. अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चिरडलाच तर जागा साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. डोळा सुजला तर सरळ डॉक्टरकडे. गंमत अशी की भातखाचरात हाच भुंगा तुडतुडे खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूचा.

दिवा मात्र खरंच काढला. दारापासून आठ-दहा पावलांवर खांबाला पिवळा बल्ब लावला, दारावर काही नाही. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे ढगासारखे उठतात. तेव्हा तासभर घरातलेही दिवे मालवून अंगणात बसायचं. उजेड ठेवलात तर किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप, आणि ही वरात थेट तुमच्या उंबऱ्यावर येते. शिवाय मे अखेरीपासून काजवे असतात, ते उजेडात कसे दिसणार?

चूक दुसरी: दिसेल त्यावर फवारा

संध्याकाळी घर बंद करून फवारा मारायचा हा शहरी उपाय आम्हीही केला. बाहेर अख्खं जंगल असताना त्याचा उपयोग किती? तासाभरात पुन्हा तेवढेच, फक्त मुलगी खोकायला लागली. खिडक्यांना बारीक जाळी आणि झोपताना मच्छरदाणी, नीट गादीखाली खोचलेली, याला तोड नाही. फवारा मी लिंबाच्या झाडावरही मारला होता. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी वळवळत होतं म्हणून. त्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. लिंबावर अशा अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या असतात, कधी ब्लू मॉर्मनच्याही, जे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्या पाच-सहा पानं खातात, खाऊ द्या.

आग्यामोहोळ

हे मोहोळ फांदीला किंवा कड्याला उघडंच लटकतं. एकच पोळं, लांबून काळं पोतं टांगल्यासारखं. स्वतः धूर करून हाकलायचं धाडस करू नका, दगड मारण्याची हौस तर नाहीच. माशीने एकदा नांगी मारली की त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या माश्या तो वास हुंगत येतात. हात झाडत उभं राहू नका. पळा आणि दार बंद होईल अशा जागी शिरा, गाडी चालेल. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी कशी काढायची यावर वाद घालत बसण्यापेक्षा नखाने खरवडून लगेच काढा, विषाची पिशवी मागे सुरूच असते. ओठ सुजले, श्वास लागला तर १०८.

तापाकडे 'पावसाळी ताप' म्हणून बघणं

या मथळ्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. मृगाचा किडा सगळ्यांना माहीत असतो, लाल मखमली, पोरं तळहातावर फिरवतात, काही करत नाही. पण त्याच्याच दूरच्या भाऊबंदांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं गवतात असतात. ती चावली तर स्क्रब टायफस होऊ शकतो. गवत कापून आल्यावर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी आली तर काख, जांघ, कमरेची नाडी जिथे बसते ती जागा, आणि बायकांनी छातीखालचा भाग तपासा. सिगरेटने चटका बसल्यासारखा काळा खपला दिसला, न दुखणारा, न खाजणारा, तर तो डॉक्टरांना दाखवा आणि "आम्ही रानाला लागून राहतो" हे सांगाच. डॉक्सिसायक्लिन हे साधं औषध वेळेवर मिळालं तर आजार आटोक्यात येतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. सगळ्यांच्या अंगावर खपला दिसतोच असं नाही, म्हणून ताप तीन दिवस टिकला तर थांबू नका. आणि गवतावर उघड्या अंगाने लोळू नका, रानातून आलेले कपडे पलंगावर टाकू नका.

कानात किडा गेला तर

काडी, पिन, चिमटा काही घालू नका, किडा आणखी आत जातो. मुलीच्या कानात रात्री पतंग गेला तेव्हा ती किंचाळत होती आणि मी हेअरपिन शोधत होते. सासूबाईंनी माझा हात बाजूला केला, तिला कुशीवर निजवलं आणि कोमट खोबरेल तेलाचे थेंब सोडले. थोड्या वेळाने फडफड थांबली. कान फुटलेला असेल, त्यातून पू येत असेल तर मात्र तेल नको. सकाळी डॉक्टरांनी पतंग बाहेर काढला. मुलीने तो काडेपेटीत ठेवून शाळेत नेला.