परदेशात टोल कसा भरायचा, नाकाच दिसत नाही तेव्हा

आपल्याकडे टोल लांबूनच दिसतो. नांदगाव पेठले लाईन लागते, पुढच्याचा टॅग वाचत नाही, पोट्टा हातातली मशीन घेऊन धावत येतो, मागून हॉर्न, मग एकदाचा मोबाईलवर मेसेज की पैसे कटले. वैताग आहे पण पैसे गेले हे कळतं तरी. परदेशात खूप ठिकाणी हेच कळत नाही, कारण नाकाच नसतो, वर एक कमान अन् तिच्यावर कॅमेरे, गाडी शंभरच्या स्पीडनं खालून निघून जाते, आणि आपल्याला वाटतं रस्ता फुकट आहे. व्हॉट्सअॅपवर तज्ज्ञ लोक सांगतात "काही टेन्शन घेऊ नका, कार्ड दाखवायचं न् निघायचं." कोणाले दाखवायचं बाप्पा, तिथं माणूसच नाही!

मी हिंगणघाटकडचा. पोरगी डब्लिनले, पुतण्या कॅलिफोर्नियात. उन्हाळ्यात वावरात काम नसतं तेव्हा आम्ही दोघं जातो, आणि पोरांना सुट्टी नसते म्हणून भाड्याची गाडी घेऊन मीच फिरवतो. सहा खेपा झाल्या, म्हणून हे लिहितो.

तयारीचं लांबवत नाही. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. क्रेडिट कार्डावर परदेशातला व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू करा, तो बहुतेक वेळा बंदच असतो. ओटीपीसाठी आपलं सिम रोमिंगवर ठेवा. आपला फास्टॅग तिकडं चालत नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण मला दोघांनी विचारलंय.

मग ज्या देशात जाता तिथली पद्धत कोणती ते बघा. इटलीत बहुतेक हायवेवर आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे, म्हणजे आपली समृद्धीच, येळाकेळीले चढले न् पुढं जिथं उतरले तिथपर्यंतचे पैसे. फक्त पिवळ्या टेलिपासच्या लेनमधे घुसू नका, ती त्यांच्या टॅगवाल्यांची आहे. स्वित्झर्लंडमधे टोल नाही पण वर्षाचा पास लागतो, ४० फ्रँक, दोन दिवस जा नाहीतर वर्षभर राहा, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो स्टिकर न लावता ऑनलाईन नंबर प्लेटवरही घेता येतो. ऑस्ट्रियात असाच पास एका दिवसाचा, दहा दिवसांचाही मिळतो. स्विस गाडीवर पास असतोच, पण गाडी जर्मनीतून उचलून तिकडं नेणार असाल तर आधी विचारा. मलेशियात टच एन गो कार्ड, आणि तिथं लांबच्या हायवेवर आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर निघताना टेकवायचं, बायकोच्या पर्समधलं दुसरं काढलं की बॅरिअर उघडत नाही. दुबईत सालिक, त्याचा टॅग भाड्याच्या गाडीत लागलेलाच असतो. जानेवारी २०२५ च्या शेवटापासून तिथं कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी ६ दिरहॅम, बाकी वेळी ४, आणि रात्री १ ते सकाळी ६ फुकट. गाडीवाला आपले वरचे लावतो ते वेगळे.

हे सगळं सोपं आहे. डोकं खातो तो बिननाक्याचा टोल, त्यातही भाड्याच्या गाडीवर. मी स्वतः फसलो तिथं, म्हणून आता सविस्तर.

डब्लिनभोवती एम ५० नावाचा रिंगरोड आहे. त्यावर ६ आणि ७ नंबरच्या जंक्शनच्या मधे टोल आहे, २००८ पासून बिननाक्याचा. पहिल्या वर्षी एअरपोर्टवरून गाडी घेतली, रस्त्यात टोलची पाटी दिसली, मी बायकोले म्हटलं सुटे काढून ठेव. ती बिचारी युरोची नाणी मुठीत धरून बसली. पाच किलोमीटर गेले, दहा गेले, नाका काही येईना. मी म्हटलं अजून बांधायचा असंल. दुसऱ्या दिवशी दोनदा त्याच रस्त्यानं गेलो, मजेत. अडीच महिन्यांनी इकडं हिंगणघाटले सोयाबीनच्या बियाण्यासाठी दुकानात उभा होतो आणि कार्डाचा मेसेज आला, युरोत पैसे कटले. मग दुसरा, मग तिसरा. टोल, त्यावर वेळेत न भरल्याचा दंड, आणि त्याहून मोठी रक्कम गाडीच्या कंपनीची. ती कशाची? तर गाडी त्या दिवशी कोणाकडे होती हे सरकारले कळवल्याची फी, दर चिठ्ठीले वेगळी. कंपनीले शिव्या घालून झाल्या, पण करारावर सही माझीच होती, बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं.

तेव्हा हे पक्कं ध्यानात घ्या, तिथं बिल माणसाले जात नाही, नंबर प्लेटले जातं, आणि प्लेट तुमची नाही. म्हणून गाडीची चावी हातात घ्यायच्या आधी काउंटरवर तीन गोष्टी विचारायच्या, मागं लाईन असली तरी, काउंटरवाला तोंड वाकडं करत असला तरी. एक, या गाडीचा टोल तुम्ही भरता का मी भरायचा? आयर्लंडमधेच काही कंपन्या एम ५० चा टोल आपल्या खात्यातून भरून भाड्यात लावतात आणि काही भरत नाहीत, अंदाजानं चालत नाही. दोन, तुम्ही भरता तर वरून रोजची फी किती, आणि ती फक्त टोल लागला त्या दिवसाची का गाडी ठेवली तेवढ्या सगळ्या दिवसांची? इथंच माणूस कापला जातो, टोल एकदाच लागला अन् फी दहा दिवसांची. तीन, मी स्वतः वेबसाईटवर भरला तर तुम्ही काही लावणार नाही ना?

अमेरिकेत काचेवर टॅगची एक छोटी डबी असते काही गाड्यांत, सरकवून उघडायची. ती उघडली की तुम्ही कंपनीच्या प्लॅनमधे गेले समजा. नको असेल तर बंद ठेवा आणि गाडी घेताना तिचा बंद असलेला फोटो काढा. माझं मत विचाराल तर आठवड्यात एक-दोन टोल असतील तर प्लॅन अजिबात घेऊ नका, स्वतः भरा. न्यू जर्सी-न्यू यॉर्ककडं किंवा फ्लोरिडात रोज फिरणार असाल तर घ्या, तिथं एकेक भरत बसलं तर वेड लागंल. आणि तिकडचा ईझीपास, म्हणजे त्यांचा टोलचा टॅग, कॅलिफोर्नियात चालत नाही, तिथला टॅग फास्ट्रॅक, तो वेगळा. पुतण्याच्या एका मित्रानं ईझीपास कौतुकानं आणून दिला होता, कामाचा नाही.

स्वतः भरायचं ठरलं तर घड्याळ बघा. एम ५० चा टोल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ८ च्या आत. लंडनजवळच्या डार्टफर्ड क्रॉसिंगचा दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत, सकाळी ६ ते रात्री १० मधे गेले तरच लागतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून कारले साडेतीन पौंड. फ्रान्समधे ए १३, ए १४ वर आता नाके काढले, तिथं ७२ तास. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ४८ तास, पण जायच्या आधी ३० दिवसांतही भरता येतो. या पुलावर टोल फक्त शहरात येताना लागतो. पुतण्या म्हणे "काका, जाताना काही नव्हतं, येतानाही नसंल." नसंल कसं, २०१३ पासून तिथं रोखीचे नाके बंद आहेत, कोणी अडवतच नाही, म्हणून त्याले वाटलं. ही वेळ तिथली धरायची, मोबाईल भारताच्या टाईमवर ठेवून हिशोब केला की चुकलं.

भरताना गाडीत बसून आठवून नंबर टाकू नका. चावी मिळाल्याबरोबर नंबर प्लेटचा फोटो काढा. ओ अन् शून्य, आय अन् एक, यांच्यात गफलत झाली की तुम्ही दुसऱ्याचा टोल भरता आणि तुमचा बाकी राहतो. अमेरिकेत प्लेट कोणत्या राज्याची तेही विचारतात, गाडी कॅलिफोर्नियात घेतली तरी पाटी दुसऱ्या राज्याची असू शकते, पाटीवर लिहिलेलं असतं. मधात गाडी बदलून दिली तर नंबर बदलला, हे मी एकदा विसरलो होतो.

साईट शोधताना गुगलवर जे पहिलं येईल ते दाबू नका, मधले दलाल जास्तीचे घेऊन तेच पास विकतात. टोलच्या पाटीवर साईटचा पत्ता असतो, पोरांकडून एकदा बघून लिहून ठेवा. आणि "तुमचा टोल बाकी आहे, इथं क्लिक करा" असा मेसेज आला तर क्लिक करू नका, अमेरिकेत या मेसेजांनी इतका धुमाकूळ घातला की २०२४ मधे एफबीआयनं इशारा दिला. ऑनलाईन जमतच नसेल तर डब्लिनमधे पेझोनची पाटी असलेल्या दुकानात रोख देऊन भरता येतं, नंबर सांगायचा बस. बायकोची नाणी शेवटी तिथंच कामी आली.

मॅपमधे टोल टाळा असं बटन आहे, ते मी वापरत नाही. दोन युरो वाचवायले तास जातो न् पेट्रोल जळतं.

पावत्यांचे स्क्रीनशॉट घरी आल्यावर पुसू नका. तीन-चार महिने कार्डाचं स्टेटमेंट बघत राहा, आणि भरलेल्याच टोलचे पैसे कंपनीनं कापले तर पावती, तारीख आणि गाडीचा नंबर टाकून मेल करा. मी मागच्या वर्षी केला, नऊ दिवसांत पैसे परत आले, फी सकट.