रान माजलेली जागा भाजीसाठी मोकळी करताना

पडीक जागेत कमरेएवढं गवत दिसलं की पहिला विचार येतो रोटाव्हेटर फिरवण्याचा. हरळी किंवा लव्हाळा असेल तर तो फिरवू नका. हरळीची धावरी, म्हणजे जमिनीखाली आडवं पसरणारं पांढरं खोड, तुकड्या-तुकड्यांनी तुटते आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. लव्हाळ्याच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात. साखळी शाबूत असेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गाठी निपचित राहतात, ती तुटली की एकेक गाठ कोंब काढते. थोडे दिवस जमीन स्वच्छ दिसते, मग आधीपेक्षा दाट गवत येतं.

सगळी जागा एकदम अंगावर घेऊ नका. गुंठाभर असेल तर पहिल्या हंगामात पाव गुंठा खणा आणि उरलेली झाकून टाका. खणून उघडी ठेवलेली जमीन तणाखालच्या जमिनीपेक्षा वाईट, कारण वर आलेलं बी लगेच रुजतं.

कापणीआधी लांब काठीने गवत झोडपत फिरा. साप, विंचू, गांधीलमाशीचं पोळं हे सगळं अशाच जागी असतं. गमबूट, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. पहिल्यांदा गुडघ्याच्या उंचीवर कापा, म्हणजे आत पडलेल्या काचा, तारा, विटा दिसतील. त्या वेचून झाल्यावर जमिनीलगत कापा. गाजरगवत मात्र कापायचं नाही, फुलायच्या आत ओल्या जमिनीतून मुळासकट उपटायचं. त्याने अंगाला खाज सुटते, तेव्हा उघड्या हाताने नको. बी न धरलेला हिरवा पाला कंपोस्टला चालतो, तुरे आलेला नाही. पेटवून देण्यात अर्थ नाही. वरचं जळतं, खालची धावरी तशीच राहते.

झुडपं छाटताना खोड दीड-दोन फूट ठेवा. भोवती कुदळीने चर खणून बाजूची मुळं तोडली की हाच बुंधा मागेपुढे हलवून मुळासकट उपटता येतो. जमिनीलगत छाटलं तर धरायला काहीच उरत नाही.

खणायचं ते वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वेळ बरोबर. चिकटून राहिला तर थांबा, नाहीतर ढेकळं बनतील आणि मुळं त्यांत अडकतील. फावड्याची धार धावरी कापते, म्हणून चार जाड दातांचा खणायचा काटा वापरा. तो वीतभर खोल घालून माती खालून उचला, झटका आणि धावरी टोकापर्यंत ओढून काढा. तुटल्याचा हलका आवाज आला तर तिथेच थांबून उरलेला तुकडा शोधा. कंटाळा येतो तो इथेच, आणि पुढच्या सहा महिन्यांची खुरपणी वाचते तीही इथेच. काढलेली मुळं मातीवर न टाकता ताडपत्रीवर उन्हात पसरा. वाकवल्यावर कडकन मोडली तर मेली, वाकली तर अजून जिवंत.

लव्हाळ्याच्या सगळ्या गाठी वेचून निघत नाहीत. दिसतील त्या काढा आणि नंतर दर दोन आठवड्यांनी कोंब कापत राहा. पानं मोठी झाली की नव्या गाठी धरतात, त्याआधी कापलं तर जुन्या गाठींतला साठा संपत जातो.

झाकायच्या भागावर जाड काळं प्लास्टिक किंवा ताडपत्री घाला, कडा वीतभर खोल पुरा. हरळी सावलीत टिकत नाही, पण वाढीचा एक पूर्ण हंगाम तरी द्या. पुठ्ठा वापरायचा तर चिकटपट्ट्या काढा, कडा वीतभर एकमेकांवर येऊ द्या, भिजवा आणि वर चार-पाच इंच कंपोस्ट टाका. लव्हाळा पुठ्ठा आणि पातळ प्लास्टिक भोसकून वर येतो. तणांचं बी मारायला पारदर्शक प्लास्टिक घ्या. काळ्यापेक्षा त्याखाली माती जास्त तापते. जमीन सपाट करून भिजवा आणि कडक उन्हाळ्यात 4 ते 6 आठवडे ताणून ठेवा.

खणलेल्या भागात 1 मीटर रुंद वाफे आणि मध्ये दीड फुटाची वाट ठेवा, म्हणजे वाफ्यावर पाय पडणार नाही. दर चौरस मीटरला 4–5 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत पुरे. खत कुठलं हे माहीत नसेल तर ते मिसळून दोन कुंड्यांत घेवडा लावून पाहा. कुरणावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश जनावराच्या पोटातून शेणात तसाच उतरतो आणि घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळतात. तसं झालं तर ते खत टाकू नका.

लगेच पेरू नका. वाफे भिजवून दहा-बारा दिवस थांबा, उगवलेलं तण खुरप्याने वरचा इंचभरच थर हलवून कापा. खोल गेलात तर खालचं बी वर येतं. पहिल्या वर्षी भोपळा, रताळं, चवळी अशी जमीन झाकणारी पिकं किंवा वांगी-मिरचीची तयार रोपं लावा. गाजर आणि कांद्याचं बी सावकाश उगवतं, तणात ते हरवून जातं.

शेजारच्या बांधावरून हरळी परत येते. कडेने वीतभर खोल, फावड्याएवढा रुंद चर काढा आणि आत डोकावणारे शेंडे महिन्यातून एकदा छाटा.