मामा तलावाकाठच्या चर्चचे जलरंगातील निसर्गचित्र कसे रंगवावे

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव (जुन्या काळी मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेले), म्हणजेच लोकांच्या तोंडचे मामा तलाव, जलरंगाला फार मानवतात. त्यातही पाळीमागे, म्हणजे तलावाच्या बांधामागे, चुन्याने पांढरे केलेले, कवेलूंच्या (कौलांच्या) छपराचे एखादे लहान चर्च असेल, तर चित्राचा सगळा भार त्या पांढऱ्या भिंतीवर द्यावा. मात्र ही भिंत पांढऱ्या रंगाने काढू नये. तिथे कागदच कोरा राखावा.

३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद फळीवर चिकटपट्टीने बसवून चर्च, पाळ आणि काठाची रेषा पेन्सिलीने हलकी आखून घ्यावी. हिवाळ्यातील सकाळ उत्तम, कारण उन्हाळ्यात येथील कोरड्या हवेत रंग पसरण्याआधीच वाळतो.

भिंत आणि क्रूस सोडून आकाश ओले करावे. वर पातळ कोबाल्ट ब्लू, खाली उतरताना किंचित यलो ओकर द्यावा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून तो थोडा गडदच घ्यावा. आकाश ओलसर असतानाच दूरची झाडी टेकवली की तिच्या कडा धुक्यात विरतात. जवळचे मोह आणि पळस कागद पूर्ण वाळल्यावरच काढावेत. छपराला बर्न्ट सिएना पुरते, एकेक कवेलू मोजून काढू नये. भिंतीच्या सावलीकडच्या बाजूला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा पातळ करडा हात फिरवावा.

खरी परीक्षा प्रतिबिंबाची आहे. ते वरच्या चित्राची उलटी नक्कल नसते: पांढरी भिंत पाण्यात थोडी काळवंडते, तर गडद झाडी थोडी उजळते. शिवाय चर्च काठापासून मागे असल्याने पाळीचे प्रतिबिंब भिंतीचा खालचा भाग झाकते आणि पाण्यात मुख्यतः छप्पर व क्रूस दिसतात. हे अनेकांच्या नजरेतून सुटते आणि मग चर्च पाण्यातच उभे असल्यासारखे वाटते. म्हणून प्रत्यक्ष तलावाकाठी बसून आधी पेन्सिलीने एक लहान रेखाटन करावे. पाण्याचा भाग ओला करून रंग उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढावेत आणि मग हात लावू नये.

सारे वाळल्यावर स्वच्छ, ओलसर चपट्या ब्रशने प्रतिबिंबावरून एक आडवी, बारीक रेघ फिरवून रंग टिपून घ्यावा. ही रेघ म्हणजे पाण्यावरची वाऱ्याची झुळूक; ती छपराच्या प्रतिबिंबाशी न थांबता दोन्ही बाजूंच्या झाडीतूनही पुढे गेलेली दिसली पाहिजे.