ऐतिहासिक खिडक्यांची रंगीत काच हवेच्या माऱ्यापासून कशी जपावी

युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या खिडक्यांसाठी बहुतांशी लाकडाच्या राखेतील पोटॅश वापरून काच घडवली जात असे. त्यामुळे तिच्यात सिलिकाचे प्रमाण कमी, तर पोटॅशियम आणि कॅल्शियमचे प्रमाण जास्त असते. पृष्ठभागावर पाणी टिकून राहिले की हे घटक झिरपून बाहेर येतात, हवेतील सल्फर डायऑक्साइडमुळे त्यांचे जिप्समसारखे क्षार बनतात, आणि हा मळकट थर पुन्हा ओलावा धरून ठेवत असल्याने काचेत खड्डे पडत जातात. म्हणून संरक्षणाचा विचार काच कोरडी ठेवण्यापासूनच सुरू करावा.

आधी दोन्ही बाजू तिरप्या प्रकाशात तपासाव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. भट्टीत भाजून काचेवर पक्के केलेले रेखाटन बहुधा आतल्या बाजूला असते, आणि थंड रात्री इमारतीतल्या हवेतील बाष्पाचे दवही तिथेच धरते. त्यामुळे केवळ पाऊस अडवून भागत नाही.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे बाहेरून नवे संरक्षक तावदान बसवणे. मूळ खाचेत नवी काच बसवून जुने तावदान स्वतंत्र चौकटीत थोडे आत सरकवावे, आणि मधल्या पोकळीला वर व खाली फटी ठेवून आतली हवा खेळती ठेवावी. असे केल्याने जुन्या काचेच्या दोन्ही बाजूंचे तापमान जवळपास सारखे राहते आणि दव धरलेच तर ते नव्या काचेवर धरते. पोकळी सर्व बाजूंनी बंद करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण कोंडलेला ओलावा अधिक घातक ठरतो. इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टर या मध्ययुगीन चर्चच्या पूर्वेकडील भव्य खिडकीलाही 2018 मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात असे संरक्षण मिळाले.

स्वच्छतेत संयम हवा. सुटी धूळ मऊ कुंचल्याने काढावी, आणि रेखाटन घट्ट असल्याची खात्री झाल्यावरच निःक्षारित (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात किंचित भिजवलेला कापसाचा बोळा वापरावा. आम्ल, अमोनिया, खरखरीत भुकटी किंवा बाजारातील काच पुसण्याची द्रावणे वापरू नयेत. पापुद्रे सुटू लागलेले रेखाटन प्रशिक्षित संवर्धकाकडेच सोपवावे. काचेवर थेट पारदर्शक लेप देणे सोपे वाटते, पण जुना झालेला लेप काढताना खालचा नाजूक थरही निघून येऊ शकतो, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

तावदान बसवल्यानंतर निदान सर्व ऋतूंमध्ये पोकळीतील तापमान व आर्द्रतेची नोंद ठेवावी. दव जुन्याच काचेवर दिसत राहिले, तर फटी रुंद कराव्यात आणि नोंदी पुन्हा तपासाव्यात.