पट्ट्यावर नक्षी ठोकण्याआधी चामडं ओलवताना
नक्षी बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेल्या चामड्यावरच नीट उठते. क्रोमच्या (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्यावर ठसा टिकत नाही. ३-४ मिमी जाडीचा पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा ओला करून रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळा. सकाळी रंग जवळजवळ मूळचा दिसतो, पण पट्टा गालाला लावल्यावर गार लागतो, तेव्हाच ठोका. जास्त ओलं असेल तर ठसा बुजतो, कोरडं असेल तर उथळच राहतो. विदर्भातल्या मे महिन्यात ओल पाहता पाहता उडते, म्हणून राहिलेला भाग प्लास्टिकखालीच असू द्या. पुन्हा पाणी लावायचं तर पूर्ण रुंदीला, नाहीतर डाग पडतो. ओल्या चामड्यावर उघडं लोखंड टेकवूच नका, निळे-काळे डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत! वाळवणं सावलीतच.