घोडा गाडीला जुंपताना या चुका टाळा

आयर्लंडच्या शेतांवर घोड्याची जागा ट्रॅक्टरनं केव्हाच घेतली. तरी आयरिश ड्राफ्ट किंवा केसाळ पायांचा कॉब जातीचा घोडा पाळून हौसेनं दोनचाकी गाडी हाकणारी घरं अजून आहेत. ‘बैलगाडी हाकलीय, हेही जमेल’ म्हणत आपल्यातलं कुणी तिथं गेलं, की पहिली चूक होते ती गाडी उभी असताना.

काम संपलं, जनावर दमलंय, म्हणून आधी त्याच्या तोंडावरचा लगाम आणि झापडं उतरवली जातात. माया म्हणून ठीक, पण घोडा अजून दांड्यांमध्ये आहे! झापडं गेली की मागची गाडी त्याला एकदम दिसते. तो बुजतो, उधळतो आणि तोंडात लोखंड नसल्यानं आवरायला काहीच उरत नाही. घोडा गाडीतून पूर्ण बाहेर येईपर्यंत लगाम उतरवू नका. जुंपताना आधी ओढपट्टे, म्हणजे गाडी ओढायचे पट्टे, मग मागच्या मांड्यांभोवतीचा रोखपट्टा; सोडताना बरोबर उलट. या वेळी घोड्याच्या तोंडाशी एक माणूस उभा हवाच. एकट्यानं घाईत जुंपणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

बैल जू मानेवर घेतो, घोडा गळ्यातल्या कॉलरमध्ये खांदे रेटतो. कॉलर खाली रुंद असते, म्हणून ती उलटी धरून डोक्यावरून घालायची आणि मानेच्या निमुळत्या भागाशी फिरवायची. खालच्या टोकाशी, श्वासनळीपुढे सपाट हात सरकेल एवढी जागा ठेवा. कामानं घोडा उतरला की तीच कॉलर सैल होऊन खांदा सोलते. सोललेल्या जागेवर चिंधी ठेवून गाडी ओढून घेऊ नका. जखम भरेपर्यंत सुट्टी.

बैलगाडीचा अनुभव कामी येतो तो भरताना. टर्फ, म्हणजे जाळायची वाळलेली दलदलीची माती, मागे जास्त रचली की गाडी उलाळ होते आणि पोटाखालचा पट्टा वर खेचला जातो. पुढे रचली तर धुरजड होऊन सगळा भार पाठीवर. चढावर माल मागे सरकतो, हेही धरून रचा.

रविवारी मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, त्यामुळे घोड्यालाही आराम. पण चंदी मात्र रोजच्याएवढीच. मग सोमवारी जुंपल्यावर थोड्याच वेळात त्याचे मागचे पाय आखडतात, घाम सुटतो, लघवी कॉफीसारखी गडद होते. ‘चालवलं की मोकळा होईल’ असं समजू नका. तिथंच थांबवा, पशुवैद्याला बोलवा. सुट्टीच्या दिवशी ओट्स निम्म्याहून कमी द्यायचे, हा खरा उपाय.

कुरणातलं पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट, आयरिशमध्ये बुहलान बुई, यकृत निकामी करतं. 1936 च्या कायद्यानं ते तिथं उपद्रवी तण ठरलेलं आहे. ताजं असताना कडू म्हणून घोडा सहसा टाळतो. गवतात वाळलं की कडूपणा जातो, विष राहतं. म्हणून नुसतं उपटून तिथंच टाकू नका. हातमोजे घालून मुळासकट काढा आणि कुरणाबाहेर न्या.

आणि बोरीन. दोन्हीकडे दगडी भिंती, मध्ये गवताची पट्टी असलेली अरुंद वाट. समोरून येणारा ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. तुम्ही हात वर करू नका, लगाम दोन्ही हातांत राहू द्या. मान हलवली तरी त्याला पोचतं.